जपानच्या रानातले डोंगरी किल्ले : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ओदानी किल्ल्यावरच्या भटकंतीविषयी लिहिलं आणि बरीच पत्रं आली. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी गेली चौदा वर्षं शिगा प्रांतात, बिवा सरोवराच्या काठी राहते. इथल्या एका छोट्या किल्लेप्रेमी मंडळाबरोबर थंडीतले रविवार डोंगरात घालवते. मंडळातले बहुतेक जण सत्तरी ओलांडलेले, मीच त्यांच्यात धाकटी. मला जे थोडंफार कळतं ते त्यांच्या मागे मागे चालून कळलेलं आहे. त्या शिदोरीवर ही उत्तरं.

प्रश्न : ताई, मार्चमध्ये आम्ही दोघं आठ दिवसांसाठी जपानला येतोय. तुमचा लेख वाचल्यापासून मला ओदानीला जायचंच आहे. पण यांचं म्हणणं, हिमेजीसारखा उभा किल्ला सोडून झाडीत काय बघायचं? तिथं एक भिंत धड नाही! यांना काय सांगू?

यांना आधी हे सांगा, की हिमेजीचा तो पांढराशुभ्र मनोरा १६०९ सालचा आहे. जपानमधली शंभर-सव्वाशे वर्षांची लढायांची धामधूम जवळजवळ संपल्यावर तो उभा राहिला. ऐन धामधुमीतला किल्ला म्हणजे डोंगर. डोंगरावर बांधलेली इमारत नव्हे, डोंगरच. जपानीत त्याला 'यामाजिरो' म्हणतात. यामा म्हणजे डोंगर, शिरो म्हणजे किल्ला. आणि हे 'शिरो' अक्षर लिहिताना डावीकडे 'माती'चं चिन्ह येतं, उजवीकडे 'होणं, घडणं' या अर्थाचं. आमच्या मंडळातल्या आजोबांनी पहिल्याच दिवशी काठीनं वाटेवरच्या मातीत हे अक्षर काढून दाखवलं होतं. देशभरात किल्ल्यांच्या जागा तीस ते चाळीस हजार असल्याचं सांगतात. त्यातल्या फारच थोड्यांवर कधी काळी मनोरा होता. बाकी सगळं माती कापून, माती ओढून, माती रचून केलेलं काम.

मनोरा शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. जमीन बघायला गेलात तर दिवस पुरणार नाही.

ओदानीचंच बघा. क्योतोहून जलद गाडीनं नागाहामाला यायला तास-सव्वा तास लागतो, तिथून दुसरं स्टेशन कावाके. स्टेशनपासून भातखाचरांमधून अर्धा-पाऊण तास चाललं की पायथा. डोंगर ४९५ मीटरचा, म्हणजे उंचीनं काही मोठा नाही. पण किल्ला पसरलाय तो त्याच्या एका लांबलचक धारेवर, पायऱ्या पायऱ्यांनी. खाली पहारेकऱ्यांच्या चौकीची जागा, मग एकेक सपाटी, घोडे धुवायचं तळं, काळ्या दरवाज्याचे उंबरठ्याचे दगड, आणि तो ओलांडला की एकदम उघडं मैदान लागतं. लांबी ऐंशी-पंच्याऐंशी मीटर. याला 'ओओहिरोमा', म्हणजे मोठा दिवाणखाना म्हणतात. आज तिथं गवत, विहिरीची जागा आणि पाया दाखवणारे काही दगड एवढंच आहे. त्याच्या मागे उंचवट्यावर बालेकिल्ला. जपानीत होनमारू.

खरा किल्ला मला भेटला तो बालेकिल्ल्याच्या पाठीमागे. तिथं धार चालता चालता एकदम तुटते. आडवा, खोल खंदक, एखाद्या खिंडीसारखा. तळाशी उतरलं की दोन्ही बाजूंना दोन-तीन पुरुष उंच माती, वर देवदारासारखी सरळ 'सुगी' नावाची जपानी झाडं, आणि पायाखाली इतका पालापाचोळा की घोटा बुडतो. ही खिंड निसर्गाची नव्हे. माणसांनी कुदळ-फावड्यानं धारेची मान कापलेली आहे.

या खंदकापलीकडे वर चढत क्रमानं चार भाग लागतात : नाकानोमारू, क्योगोकुमारू, कोमारू, सान्नोमारू. आता १५७३चा उन्हाळा डोळ्यासमोर आणा. ओदा नोबुनागा या त्या काळच्या बलाढ्य सरदारानं समोरच्या तोरागोझे टेकडीवर तळ ठोकलेला आहे. ती टेकडी धारेवरून सारखी नजरेसमोर असते, आणि तिच्यामागे बिवा सरोवर. किल्ल्याचा धनी अझाई नागामासा हा नोबुनागाचाच मेहुणा, त्याच्या बहिणीचा, ओइचीचा नवरा. १५७०मध्ये नागामासानं मेहुण्याऐवजी जुन्या मित्राची, असाकुरा घराण्याची बाजू घेतली आणि तेव्हापासून ही तीन वर्षांची वैरं सुरू झाली. असाकुरा बुडाल्यावर ओदानी एकटा पडला. नागामासा बालेकिल्ल्यात होता, त्याचे वडील हिसामासा वर कोमारूत. नोबुनागाचा सरदार, पुढं सगळ्या जपानचा मालक झालेला हिदेयोशी, बाजूच्या दरीतून उतार चढून मधल्या क्योगोकुमारूत घुसला. बस. बाप वर, मुलगा खाली, आणि मध्ये शत्रू.

हे मी पुस्तकात कितीदा तरी वाचलं होतं. पण क्योगोकुमारूच्या काठावर उभी राहिले, पश्चिमेचा उतार बघितला, उजवीकडे वर कोमारू आणि डावीकडे खाली बालेकिल्ल्याची दिशा बघितली, तेव्हा पोटात कालवलं. दोन्हीकडे हाकेच्या अंतरावर. आधी वडिलांनी पोट चिरून घेतलं, मग थोड्याच दिवसांत मुलानं. नागामासा तेव्हा जपानी गणतीनं एकोणतीस वर्षांचा होता. ओइची आणि तीन लहान मुलींना त्यानं आधीच बाहेर पाठवलं. त्यातली थोरली चाचा पुढं याच हिदेयोशीच्या घरात गेली आणि त्याच्या वारसाची आई झाली. धाकटी गो पुढं जपानवर राज्य केलेल्या तोकुगावा घराण्याच्या दुसऱ्या शोगुनची, म्हणजे सेनाधिपतीची, बायको झाली. बालेकिल्ल्याच्या पूर्वेला थोडं खाली, आकाओ नावाच्या सरदाराच्या वाड्याच्या जागी, झाडीत एक दगड उभा आहे. नागामासानं जीव दिला तो तिथं. मी दर वेळी तिथवर जाते.

यांना म्हणावं, हिमेजी बघाच, सुंदर आहे. पण एक सकाळ या मातीला द्या.

प्रश्न : झाडीत मला सगळे उंचवटे सारखेच वाटतात. माणसानं केलेलं कुठलं आणि निसर्गाचं कुठलं, हे ओळखायचं कसं?

माझीही पहिली दोन वर्षं यातच गेली. एक गोष्ट पक्की धरा : निसर्गाला सरळ रेघ आणि सपाट जमीन फारशी जमत नाही. डोंगराच्या धारेवर चालताना अचानक सपाट, कडा ठळक असलेली जागा लागली तर थांबा. तिला 'कुरुवा' म्हणतात. तिच्या काठावर जाऊन खाली बघा. उतार भिंतीसारखा उभा असेल तर तो तासलेला आहे. त्याला 'किरिगिशी' म्हणतात, आणि माझ्या मते डोंगरी किल्ल्याचा खरा तट तोच. दगडी तट फार थोड्या किल्ल्यांना होते. हा तासलेला उतार मात्र जवळजवळ प्रत्येकाला. चिलखत घालून, हातात भाला घेऊन, पावसात ओल्या मातीवर तो चढायची कल्पना करून बघा.

सपाटीच्या कडेनं गुडघ्याएवढा किंवा कमरेएवढा मातीचा बांध असतो, तो 'दोरुई'. चारशे-साडेचारशे वर्षांच्या पावसानं तो खचून बसलाय, मुळात बराच उंच होता आणि त्यावर लाकडी कुंपण असायचं. धार आडवी कापली की 'होरिकिरी'. आणि मला सगळ्यात आवडतो तो 'तातेबोरी', म्हणजे उतारावरून सरळ खाली सोडलेला उभा चर. त्याचं काम काय? शत्रूनं उतारावर आडवं पसरू नये. चढणाऱ्यांना आडवं सरकताच आलं नाही की ते एका ओळीत येतात आणि वरच्यांना दगड टाकायला सोपं जातं. काही किल्ल्यांवर असे चर शेजारी शेजारी डझनभर असतात, एखाद्या धुण्याच्या फळीसारखे. पाण्यानं कोरलेली घळही तशीच दिसते, म्हणून घोटाळा होतो. फरक वरच्या टोकाला बघा. घळ वर जाता जाता उथळ होत विरते. माणसानं खणलेला चर वर सपाटीच्या काठाला किंवा आडव्या खंदकाच्या तोंडाला नेमका जाऊन भिडतो.

मग दरवाजा. 'कोगुची'. वाट सरळ आत जात नाही. ती वळते, कधी दोनदा वळते, आणि वळणावर तुमची उजवी-डावी कूस वरच्या बांधाकडे उघडी पडते. वाट उगाच वळली असं वाटलं की मान वर करा. तुमच्यावर नेम धरायची जागा तिथंच असेल.

जायच्या आधी 'नावाबारी-झु' मिळवा. म्हणजे किल्ल्याचा आराखडा. या शब्दाचा मूळ अर्थ दोरी ताणून केलेली आखणी असा आहे. अभ्यासक मंडळी एकेक डोंगर पायांनी तुडवून हे आराखडे काढतात. त्यात उतार दाखवायला केसांसारख्या बारीक रेघा असतात. रेघा दाट तिथं उतार उभा. बहुतेक प्रांतांनी आपल्या मध्ययुगीन किल्ल्यांच्या पाहणीचे अहवाल काढलेत आणि ते गावच्या वाचनालयात मिळतात. हल्ली विमानातून लेझरनं मोजणी करून झाडी वजा केलेले नकाशेही असतात. अशा लालसर नकाशावर, ज्या टेकडीवर मी तीनदा जाऊन काहीच दिसलं नव्हतं, तिच्या एका सोंडेवर सरळ सात चर दिसले. चौथ्यांदा गेले तेव्हा सातही सापडले. माझ्या पायाखालीच होते.

आणि एक. आज ही झाडी बघून 'केवढं घनदाट रान, इथं शत्रू येणार कसा' असं वाटतं. तेव्हा रान नव्हतंच. दूरवर नजर पोचावी, शत्रूला आडोसा मिळू नये आणि लाकूडही लागतंच, म्हणून किल्ल्याचा डोंगर बोडका ठेवायचे. चालताना मनातल्या मनात झाडं काढून टाका. लगेच कळतं चौकी इथंच का, चर तिथंच का.

प्रश्न : मी ऑगस्टमध्ये कामानिमित्त ओसाकाला असेन. दोन दिवस मोकळे आहेत. एखादा झाडीत दडलेला किल्ला सुचवा.

ऑगस्टमध्ये सुचवणार नाही, राग मानू नका. तेव्हा गवत छातीएवढं असतं, त्यामुळे दिसत काही नाही. 'सुझुमेबाची' नावाची मोठी गांधीलमाशी उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरदात फार चवताळलेली असते आणि ती जमिनीतही घर करते. 'मामुशी' हा विषारी साप वाटेवरच्या पाचोळ्यात ओळखू येत नाही. काही डोंगरांत जळवा आहेत. गोचिडीही असतात, त्यांच्यापासून होणाऱ्या एका जीवघेण्या तापाचा पहिला रुग्ण जपानमध्ये २०१३ साली नोंदवला गेला, तेव्हापासून आमच्या मंडळातले सगळे पॅण्टचे पाय मोज्यात खोचूनच चालतात.

हंगाम म्हणजे पानगळ झाल्यावर, नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत. त्यातही शिगाच्या उत्तर भागात जानेवारी-फेब्रुवारीत भरपूर बर्फ पडतो, तेव्हा ओदानीला डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा मार्च बरा. मार्चमध्ये सुगीच्या परागांनी डोळे चुरचुरतात, मास्क ठेवा. एक गोष्ट बाहेरून येणाऱ्यांना कुणी सांगत नाही : बहुतेक भागांत १५ नोव्हेंबर ते १५ फेब्रुवारी हा शिकारीचा हंगाम असतो. रानडुकरं आणि हरणं मारायला बंदूकधारी शिकारी याच डोंगरांत फिरतात. तपकिरी किंवा हिरवे कपडे घालू नका. मी भडक नारिंगी जाकीट घालते.

अस्वलाची घंटा पाठपिशवीला बांधाच. होनशू बेटावर काळी अस्वलं आहेत आणि अलीकडच्या वर्षांत त्यांचे हल्ले वाढलेत. थंडीत ती झोपतात म्हणून निर्धास्त राहू नका. पायथ्याला 'अस्वल दिसलं' असा ताज्या तारखेचा फलक असला तर आम्ही सरळ परत फिरतो. कितीही लांबून आलेलो असलो तरी.

ऑगस्टमध्येच यायचं असेल तर नागाहामाच्या सरोवरकाठी जा. का ते पुढच्या उत्तरात येतंय.

प्रश्न : इतका इतिहास घडलेल्या जागा जपानसारख्या शिस्तीच्या देशानं जंगलाच्या स्वाधीन का केल्या? साफसफाई करून पुन्हा बांधत का नाहीत?

तुमच्या प्रश्नातली कळकळ समजते. मलाही सुरुवातीला असंच वाटायचं, आता माझं मत बदललंय.

आधी, सोडून का दिल्या ते. ओदानी जिंकल्यावर हिदेयोशीला तो मुलूख मिळाला. त्याला डोंगरावर राहायचं नव्हतं. व्यापार, बोटी, बाजार सगळं सरोवराकाठी. त्यानं किनाऱ्यावर इमाहामा गावी नवा किल्ला बांधला, गावाचं नाव नागाहामा केलं, ओदानीचं सामान तिकडं नेलं, गावकरी-व्यापारीही तिकडं गेले. डोंगर ओस पडला. असंच देशभर झालं. मग १६१५मध्ये तोकुगावा सरकारनं प्रत्येक मुलखात एकच किल्ला ठेवायचा हुकूम काढला आणि उरलेसुरले शेकडो किल्ले मोडले गेले. १६३७-३८च्या शिमाबाराच्या उठावात बंडखोर शेतकरी एका सोडून दिलेल्या जुन्या किल्ल्यात, हाराच्या किल्ल्यात, शिरून बसले होते. त्या धसक्यानं पडीक किल्ल्यांचे दगडी तटही नासवले. क्यूशूमधल्या हिझेन-नागोयाला तटांना ठरावीक अंतरावर वरून खाली 'व्ही' आकाराच्या खाचा पाडलेल्या दिसतात. पावसानं किंवा झाडानं पडलेला तट असा नेमका पडत नाही. कोपऱ्याचेच दगड काढलेले असले तर समजावं, हे माणसाचं काम.

पुढं दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणीला लाकूड हवं म्हणून डोंगरच्या डोंगर सुगी आणि हिनोकीच्या रोपांनी भरले. तुम्ही जे 'जंगल' बघता त्यातलं पुष्कळसं असं रांगेत लावलेलं आहे. नंतर परदेशी लाकूड स्वस्त झालं, रानाची निगा राखणारे म्हातारे झाले. वादळात झाड मुळासकट उन्मळतं तेव्हा कुरुव्याच्या काठाचा मोठा लचका घेऊन पडतं. ते बघवत नाही. म्हणजे झाडी निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही.

पण सगळी झाडं एकदम तोडली तर पाऊस थेट मातीवर कोसळतो आणि साडेचारशे वर्षं टिकलेला बांध काही पावसाळ्यांत वाहून जातो. म्हणून निवडून झाडं तोडायची, बुंधे आणि मुळं तशीच ठेवायची, पाला सगळा झाडायचा नाही. आमच्या मंडळाला एका छोट्या किल्ल्यावर गावकऱ्यांबरोबर असं काम करायची संधी मिळते. वर्षातून दोनदा बांबू तोडतो. दोन्ही वेळा मिळून एक कुरुवा मोकळा होतो, फार तर.

पुन्हा बांधण्याविषयी माझं मत ठाम आहे : नको. गिफूच्या किंका डोंगरावर ३२९ मीटर उंचीवर १९५६ साली काँक्रीटचा मनोरा बांधला. वरून दिसणारा देखावा छान आहे, लोक आनंदानं जातात. पण तो १९५६चा मनोरा आहे. त्याच्याकडे बघत राहिलं की त्याच्या पायाखालचा डोंगर दिसेनासा होतो.

आणि गर्दीचंही भान हवं. ह्योगो प्रांतातल्या ताकेदा किल्ल्याचे दगडी तट शरदातल्या पहाटे ढगांच्या समुद्रावर तरंगल्यासारखे दिसतात. ती छायाचित्रं पसरली आणि २०१३च्या सुमारास इतकी माणसं लोटली की पायांनी माती झिजून खालचे दगड उघडे पडायला लागले. मग चालायच्या वाटा आखून द्याव्या लागल्या, प्रवेशशुल्क लावावं लागलं. मी गेले तेव्हा ५०० येन होतं, आणि ते मी आनंदानं दिलं.

प्रश्न : एकटीनं जाणं सुरक्षित आहे का? वाट चुकायची भीती वाटते.

माणसांची भीती नाही. वाटेची आहे, आणि ती असायलाच हवी. पहिल्यांदा कुणाच्या तरी सोबतीनं जा.

चढताना सगळ्या सोंडा वर एका जागी येऊन मिळतात, म्हणून चढताना सहसा चुकत नाही. उतरताना त्याच सोंडा फुटतात. तिसऱ्या वर्षी मी एका छोट्या, फलक नसलेल्या किल्ल्यावर एकटी गेले होते. उतरताना झाडांना बांधलेल्या गुलाबी फिती दिसल्या, वाटलं वाटेच्या खुणा आहेत. त्यांच्यामागे वीस मिनिटं चालले आणि एका कोरड्या धबधब्याच्या डोक्यावर येऊन थांबले. खाली उतरता येईना. डिसेंबरचे साडेतीन वाजलेले, दरीत अंधारायला लागलेलं. त्या फिती लाकूडकामवाल्यांच्या आणि मोजणीवाल्यांच्या होत्या; वाटेशी त्यांचा काही संबंध नसतो. मी आल्या पावली वर चढले, शिखरावरच्या सपाटीत उभी राहून नकाशा शांतपणे लावला आणि आलेल्या सोंडेनंच उतरले. पायथ्याला पोचले तेव्हा पूर्ण काळोख होता.

तेव्हापासून नियम केलाय : चुकलं तर खाली नाही, वर. दुपारी दोननंतर नवीन काही बघायचं नाही. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्यायचा, कारण दऱ्यांत रेंज नसते. डोक्याचा दिवा कायम पिशवीत. काठीच्या टोकाला रबरी टोपी लावायची. उघड्या टोकानं बांधांना भोकं पडतात.

प्रश्न : माझं वय ६८, गुडघे दुखतात. पण तुमचं वाचून फार इच्छा झाली. मला काही बघता येईल का?

येईल, काकू, नक्की येईल. तोक्योच्या पश्चिमेला हाचिओजी किल्ला आहे. ताकाओ स्टेशनहून बस किंवा टॅक्सी. बालेकिल्ला डोंगरमाथ्यावर आहे, तिकडं जाऊ नका. पण किल्लेदाराचा वाडा, 'गोशुदेन', पायथ्याच्या ओढ्याकाठी होता. तिथवरचा रस्ता सोपा आहे, शेवटी थोड्या दगडी पायऱ्या आहेत, त्या सावकाश चढा.

हा किल्ला होजो उजितेरूचा. १५९०मध्ये हिदेयोशीनं होजो घराण्यावर चाल केली तेव्हा उजितेरू स्वतः घराण्याच्या मुख्य किल्ल्याच्या, ओदावाराच्या, वेढ्यात अडकला होता. इथं मागे राहिलेले थोडे सैनिक, शेतकरी, बायका-मुलं. हिदेयोशीच्या बाजूच्या माएदा आणि उएसुगी या सरदारांच्या फौजांनी किल्ला एका दिवसात घेतला. वाड्यातल्या बायकांनी शेजारच्या छोट्या धबधब्यापाशी जीव दिले. ओढ्याचं पाणी तीन दिवस लाल वाहिलं आणि त्या पाण्यानं शिजवलेला भातही लाल झाला, असं सांगतात. पायथ्याच्या गावात पूर्वजांच्या आठवणीसाठी अझुकी या लाल कडधान्याच्या पाण्यात भात शिजवायची प्रथा त्यावरूनच आली म्हणतात.

याच वाड्याच्या जागी उत्खननात व्हेनिसच्या नक्षीदार काचेच्या भांड्याचे तुकडे सापडले. डोंगरातल्या एका सरदाराच्या घरी इटलीची काच. पायथ्याच्या माहितीकेंद्रात बसून आधी थोडं वाचा, तिथले स्वयंसेवक प्रेमानं सांगतात, मग चाला.

काही तरुण मुलं रात्री भुतं बघायला म्हणून त्या धबधब्यापाशी जातात. मला ते मुळीच पटत नाही. माणसं मेली आहेत तिथं. तुम्ही सकाळी जा. धबधबा बहुतेक वेळा अगदी बारीक असतो, आवाजसुद्धा हळू. जवळच स्मरणशिळा आहे आणि तिच्यापुढं बहुतेकदा कुणीतरी ठेवलेली फुलं असतात.

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या मुलाला जुन्या वस्तूंचं वेड आहे. रानात पडलेला खापराचा एखादा तुकडा त्याच्यासाठी आणला तर चालेल का?

नाही. तो तुकडा एवढासा दिसतो म्हणून मन होतं, पण नाही.

ओदानीच्या मोठ्या दिवाणखान्याच्या जागी उत्खननात भांड्यांचे तुकडे हजारोंनी निघाले आणि त्यांतले बहुतेक 'कावाराके'चे. कावाराके म्हणजे पणतीएवढी, बिनझिलईची, मातीची बशी. मेजवानीत त्यातून साके प्यायचे आणि एकदा वापरली की टाकून द्यायचे. एका जागी ढिगानं कावाराके सापडल्या म्हणूनच कळलं, की या डोंगरावर नुसते पहारे नव्हते, इथं पाहुणे यायचे, पंगती उठायच्या. तुकडा कुठं पडला होता, कुणाशेजारी पडला होता, हीच सगळी माहिती. खिशात गेला की ती संपली. शिवाय संरक्षित जागेत उकरणं हा तिथल्या कायद्यानं गुन्हा आहे.

पावसानंतर वाटेवर एखादा तुकडा उघडा पडलेला दिसलाच, तर शेजारी १० येनचं नाणं ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. जागा नकाशावर टिपा, आणि त्या गावच्या शिक्षण मंडळाच्या कचेरीत दाखवा. पुरातत्त्वाचं काम तिथंच चालतं. मी एकदा दाखवला होता. तिथल्या बाईंनी पाहणीचा जाडजूड अहवाल उघडून त्या जागेवर पेन्सिलनं एक टिंब केलं. मुलासाठी तो फोटो न्या, आणि घरच्या मातीतून त्याच मापाची बशी त्याला करू द्या. ओदानीच्या पायथ्याशी लहान वस्तुसंग्रहालय आहे, तिथं आधी नीट बघून घ्या.